शंभर सेंटीमीटरचं भिंग

आमच्या कॉलेजात रिंगांचा प्रयोग कधी कुणाचा चुकला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकाशाचे सहा प्रयोग होते, त्यातला हा सगळ्यांचा लाडका. बाकीच्या प्रयोगांत उत्तर जरा इकडे जायचं, जरा तिकडे. यात मात्र वर्षानुवर्षं एकच उत्तर यायचं, शंभर. फार तर नव्व्याण्णव पूर्णांक आठ, नाहीतर शंभर पूर्णांक तीन. अगदी शंभर लिहिलं तर सरांना संशय येतो, एवढं भौतिकशास्त्र आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

कॉलेज नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. कोणत्या ते सांगत नाही, कारण या हकिगतीतले बरेच लोक अजून तिथेच राहतात आणि सणावाराला मला भेटतात. मी श्रीगोंद्याकडचा, घरी ऊस आणि लिंबाची बाग. घरात पदवी घेणारा पहिलाच, म्हणून माझ्या जर्नलला वडिलांनी स्वतःच्या हाताने खाकी कव्हर घातलं होतं.

प्रयोग तसा देखणा. एक भिंग असतं, खालून किंचित फुगीर. इतकं किंचित की बोटाला कळत नाही. ते सपाट काचेवर ठेवायचं आणि वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड सोडायचा. मायक्रोस्कोपमधून पाहिलं की एकात एक अशा काळ्या-पिवळ्या रिंगा दिसतात. त्या रिंगांची रुंदी मोजायची, सूत्रात घालायची आणि हे भिंग केवढ्या मोठ्या गोलातून कापलेलं आहे ते काढायचं. त्या गोलाची त्रिज्या म्हणजे आमचं शंभर सेंटीमीटर. भिंगाच्या लाकडी डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर शाईने तसं लिहिलेलंही होतं.

उत्तर डब्यावरच असल्यामुळे आम्ही प्रयोग उलटीकडून करायचो. शंभरपासून निघायचं, सूत्र मागे फिरवायचं आणि रिंगांची मापं काढायची. मग त्या मापांत थोडी थोडी चूक मिसळायची. यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. तिसऱ्या दशांश स्थळाला कुठे दोन वाढवायचे, कुठे तीन कमी करायचे, एखादं रिडिंग जरा जास्तच चुकवून पुढच्यात कसं भरून काढायचं, हे मला आपोआप सुचायचं. वर्गातली पोरं माझ्याकडून रिडिंगा लिहून घ्यायची. "तुझ्या रिडिंगा लई खऱ्या वाटतात," असं मला हॉस्टेलवरच्या एका मित्राने सांगितलं होतं, आणि ते मी बरेच दिवस मनात जपून ठेवलं होतं. माणसाच्या हातून किती चूक होते याचा मला उत्तम अंदाज होता. फक्त ती चूक माझ्या हातून झालेली नसायची.

रोल नंबरप्रमाणे जोड्या लावल्या तेव्हा माझ्या वाट्याला पाथर्डी तालुक्यातली एक मुलगी आली. मुलींच्या हॉस्टेलवर राहायची. तिचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला यायचे, गावाबाहेरच्या साखर कारखान्यावरच. हंगामात ती रविवारी त्यांच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, जाऊन यायची. हे तिने मला मुद्दाम सांगितलं नाही आणि लपवलंही नाही. सोमवारी तिच्या हातांवर पाचटाचे ओरखडे असायचे, मी विचारलं, तिने सांगितलं.

पहिल्या प्रॅक्टिकलला ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली आणि उठेचना. वीस मिनिटं झाली, पाऊण तास झाला. तेवढ्यात मी आमच्या दोघांचा तक्ता भरून, हिशेब करून, आलेख काढून मोकळा झालो होतो. तिच्यापुढे वही सरकवली तर ती तक्त्याकडे बघतच राहिली.

"ह्या रिडिंगा तू कवा घेतल्या?"

"घेतल्या."

"मायक्रोस्कोप तर मी धरून बसलेय."

मी तिला पद्धत समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "तू तुझं लिही. मला दिसतंय ते मी लिहिते. तुझ्या आकड्यापास्नं पट्टीवर दोन घरं सोडून दिसतंय," आणि परत डोळा लावून बसली. मला वाटलं, ठीक आहे, नवी आहे.

दिवाळीनंतर आम्हाला एक नवे सर आले. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर सर, नाहीतर कुणी नाही. राहात्याकडचे होते. वयाने आमच्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे असतील. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी मायक्रोस्कोपमधून दिसणारी, स्क्रूने सरकणारी उभी तार एका काळ्या रिंगेवर लावली आणि आम्हा दहा जणांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाने तार सरकवायची, पुन्हा त्याच रिंगेवर आणायची, रिडिंग चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी फळ्यावर मांडल्या. दहा माणसं, एकच रिंग, आणि आकडे सात वेगवेगळे.

"आता यातलं बरोबर कुठलं?" त्यांनी विचारलं.

कुणीतरी म्हणालं, "तुमचं, सर."

सर हसले. म्हणाले, "माझं आठवं आहे." मग त्यांनी सांगितलं की रिंग ही काही रेघ नसते, तिला जाडी असते. तिच्या मधोमध तार आणली असं प्रत्येकाला वाटतं आणि प्रत्येकाचा मध निराळा असतो. शिवाय स्क्रू उलटा फिरवला की सुरुवातीला तो नुसताच फिरतो, तार हलत नाही. शिवाय पट्टीवरची सगळ्यात बारीक रेघही कुठेतरी संपते. या सगळ्याचा मिळून एक आकडा काढायचा आणि उत्तराच्या पुढे अधिक-उणे करून लिहायचा. "उत्तर बरोबर आलं का हे मला सांगू नका. तुमच्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते सांगा."

मला ही गंमत वाटली. भरवसा हा आकडा असतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. संध्याकाळी हॉस्टेलवर बसून मी माझ्या जुन्या उत्तरापुढे 'अधिक-उणे शून्य पूर्णांक चार' असं जोडून टाकलं. उत्तर होतं शंभर पूर्णांक दोन. अतिशय देखणं दिसत होतं.

तिचं मात्र वेगळंच झालं. तिने प्रत्येक रिंगेची डावी आणि उजवी कड सहा-सहा वेळा मोजली. दर वेळी स्क्रू एकाच दिशेने फिरवत आणला. जरा पुढे गेला की पुन्हा सुरुवातीपासून. त्या सहा आकड्यांत किती फरक पडतो ते वेगळं मांडलं, सूत्रात रुंदीचा वर्ग असतो म्हणून तो फरक दुपटीने कसा वाढतो ते सरांना विचारून घेतलं, आणि शेवटी उत्तर लिहिलं : एकशेचौदा, अधिक-उणे तीन.

सगळी बॅच हसली. मीसुद्धा हसलो, कारण लोकांच्या मते ते माझ्या जोडीचं उत्तर होतं आणि आपण तिच्यासोबत नाही हे दाखवणं भाग होतं.

पुढचा आठवडाभर जो तो तिला चूक सांगत होता. एक म्हणाला, "एखादी रिंग जास्त मोजली गेली असणार." हे तसं शहाणपणाचं होतं. दहाच्या जागी अकरा रिंगा मोजल्या गेल्या तर उत्तर असंच फुगतं. सरांनी मला बसवलं आणि रिंगा मोजायला लावल्या, तिने आपल्या मोजल्या, दोघांनी चिठ्ठ्या लिहिल्या. दहाच. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या रिंगा नीट पाहिल्या त्या दिवशी, आणि त्या खरंच सुंदर होत्या. दुसरा म्हणाला, "दिवा वेगळा असेल." दिवा सोडियमचाच होता. तिसरा म्हणाला, "तिचा डोळाच तसला असेल." ती नगरला जाऊन डोळे तपासून आली. नंबर निघाला नाही.

शेवटी सर तिच्या टेबलाशी आले. वहीतला तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

"तुझं अधिक-उणे तीन आहे. म्हणजे तू म्हणतेस, खरी त्रिज्या एकशेअकरा ते एकशेसतराच्या आसपास असावी."

"व्हय, सर."

"ओढून ताणून दुप्पट केलं तरी शंभरपर्यंत पोचत नाही."

"न्हाई पोचत, सर. मी लई ताणून बघितलं."

"मग दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तुला स्वतःवर वाजवीपेक्षा जास्त भरवसा आहे, नाहीतर शंभर चूक आहे." ते आमच्याकडे वळले. "शंभर कुणी मोजलंय?"

आम्ही सगळ्यांनी एकदम हात वर केले.

"तसं नाही. पहिल्यांदा कुणी मोजलं?"

"डब्यावर लिहिलंय, सर," मी म्हणालो. माझ्या आवाजात त्या वेळी जो ठामपणा होता तो मला आजही ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला आणि मला दुपारी बोलावलं. प्रकाशाच्या प्रयोगांची खोली कायम अंधारी, खिडक्यांना काळे पडदे. सरांनी एका खिडकीचा पडदा वीतभर सरकवला, भिंग तिथे स्टँडवर उभं केलं आणि समोर पांढरा पुठ्ठा धरून ते मागे मागे जाऊ लागले. खिडकीतून लांबवर कारखान्याची चिमणी दिसायची. दोनेक मीटर मागे गेल्यावर पुठ्ठ्यावर काहीतरी हलायला लागलं आणि एकाएकी चिमणी उमटली. उलटी. धूर खाली निघालेला. फेब्रुवारीचे दिवस होते, कारखाना जोरात चालू होता. पुठ्ठ्यावर त्याचा तो धूर शांतपणे जमिनीकडे वाहत होता.

ती पुठ्ठ्याजवळ जाऊन बराच वेळ बघत होती. "आमची माणसं चिमणीच्या पल्याड हाईत," ती म्हणाली. "ह्यात न्हाई येत." मग मला म्हणाली, "टेप धर."

टेप सुताराची होती, पिवळी, पत्र्याची. भिंगापासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर आम्ही प्रत्येकी पाच वेळा मोजलं. चित्र नक्की कुठे सगळ्यात ठळक आहे हे ठरवणं अवघड होतं, पुठ्ठा चार बोटं मागेपुढे केला तरी सारखंच वाटायचं. म्हणून तेही अधिक-उणेमध्ये धरलं. दोनशेएकोणीस सेंटीमीटर, अधिक-उणे पाच. साध्या काचेच्या अशा भिंगातून लांबचं चित्र त्रिज्येच्या दुपटीहून थोडं अलीकडे उमटतं; भिंग शंभरचं असतं तर चिमणी एकशेब्याण्णवच्या जवळपास उमटायला हवी होती. सत्तावीस सेंटीमीटरचा फरक. हा काही तिसऱ्या दशांश स्थळावरचा मामला नव्हता. तिथे टेप नाही, साधी वीत पुरली असती.

सरांनी हिशेब केला. एकशेचौदा.

तेवढ्यात मामा आत आले. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. साठीला टेकलेले, पांढरी टोपी, खिशात कायम फडकं. प्रत्येक उपकरण त्यांच्या हातून बाहेर यायचं आणि त्यांच्या हाताने कपाटात जायचं. ते दारात उभे राहिले. पडदा, पुठ्ठा, टेप आणि आमची तोंडं, हे सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"ती काच ती न्हाई," मामा म्हणाले.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मूळची फुटली. तपासनीची कमिटी येनार हुती. मी समदी भिंगं पुसून ठिवत हुतो, हातातनं सटकली. खालच्या कपाटात जुनी भिंगं पडली हुती, बिननावाची. त्यातलं तसंच दिसनारं काढलं आन डब्यात ठिवलं."

"कधी?"

मामांनी आमच्या दोघांकडे बोट केलं. "ही पोरं जल्मली आसतील त्या टायमाला."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगनार हुतो, सर. म्हनलं प्रॅक्टिकल सुरू झाली की पोरंच बोंब मारतील, उत्तर येईना म्हनून. मग सांगू, काय नोटीस द्यायची ती द्या. पयल्या वर्षी लई भ्यालो. दर बॅचला दारात हुबा राहायचो. पर समद्यांचं उत्तर आलं. शंभर. दुसऱ्या वर्षी बी शंभर. तिसऱ्या वर्षी बी. मग मलाच वाटाया लागलं, न्हाई न्हाई, शंभरचंच आसंल हे. एवढी शिकलेली पोरं मोजत्यात."

सर स्टुलावर बसले. ती माझ्याकडे बघत होती. मी टेप गुंडाळत होतो आणि ती सारखी अडकत होती.

सर आम्हा दोघांना आणि मामांना घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. विभागप्रमुख याच कॉलेजचे माजी विद्यार्थी होते. वर्षांचा हिशेब मांडला तर हे भिंग डब्यात आल्यावर पहिल्या दोन-तीन बॅचमध्येच ते असणार, आणि या प्रयोगात त्यांना पैकीच्या पैकी होते असं ते आम्हाला नेहमी सांगायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मामांना ते रागावले नाहीत, तो माणूस रागावणारा नव्हता. मग ते म्हणाले, "परीक्षा तीन आठवड्यांवर आली. आता डब्यावरचा आकडा बदलला तर सगळ्यांची जर्नलं चुकीची ठरतात. सह्या झाल्यात त्यांच्यावर. परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू."

"मग आमी परीक्षेत काय लिवायचं, सर?" तिने विचारलं.

"रिंगांचाच प्रयोग येईल असं कुठंय?" विभागप्रमुख म्हणाले.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रयोगाची चिठ्ठी उचलायची असते. ती सकाळच्या बॅचला होती, मी दुपारच्या. सकाळी तिने रिंगांची चिठ्ठी उचलली. दुपारी मी चिठ्ठी उघडली तर मलाही रिंगाच.

मी मायक्रोस्कोपसमोर बसलो. खरं सांगायचं तर सुरुवातीला मनात होतं की मोजायचं. भिंग एकशेचौदाचं आहे हे मला माहीत होतं, स्वतः टेप धरली होती. पण समोर एक्सटर्नल बसले होते, दुसऱ्या कॉलेजातून आलेले, आणि त्यांच्यापुढच्या कागदावर या प्रयोगासमोर शंभर लिहिलेलं असणार हेही मला माहीत होतं. मी दिवा लावला, तार एका रिंगेवर आणली, आणि मग डोळा काढून नेहमीसारखं शंभरपासून मागे निघालो. त्या दिवशी रिडिंगा अतिशय सुरेख उतरल्या. सरांनी शिकवलं होतं तसं प्रत्येक कड सहा वेळा मोजल्याचं दाखवलं, सहा आकड्यांत नैसर्गिक फरक ठेवला. पूर्वी मी नुसती रिडिंगा बनवायचो, आता भरवसासुद्धा बनवला. शंभर पूर्णांक सहा, अधिक-उणे दोन पूर्णांक पाच.

तोंडी परीक्षेच्या वेळी एक्सटर्नलनी मला बोलावलं आणि बाहेर पॅसेजमध्ये थांबलेल्या तिलाही आत बोलावून घेतलं. दोघांचे पेपर त्यांनी शेजारी शेजारी ठेवले होते. गृहस्थ वाईट नव्हते, थकलेले होते. सकाळपासून त्यांनी चोवीस पोरं तपासली होती.

"एकच भिंग. सकाळी एकशेतेरा आणि दुपारी शंभर. जेवणाच्या सुट्टीत बारीक झालं का?"

आजूबाजूची पोरं हसली. ती हसली नाही. म्हणाली, "सर, ते भिंग एकशेचौदाच्या आसपासचं हाय. माझ्या अधिक-उणेमध्ये बसतंय."

"डब्यावर शंभर आहे."

"डबा त्या भिंगाचा न्हाई, सर."

एक्सटर्नलनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुख म्हणाले, "तसा एक प्रश्न निघाला आहे खरा. पण मार्किंगच्या कागदावर उत्तर शंभर आहे." दारात आमचे नवे सर उभे होते. ते म्हणाले, "सर, पाच मिनिटं खिडकीपाशी येता का? दाखवतो." एक्सटर्नलनी घड्याळात पाहिलं. त्यांची पाचची गाडी होती आणि अजून आठ पोरांची तोंडी बाकी होती. मग त्यांनी सगळ्यात सोपा मार्ग धरला. ते माझ्याकडे वळले.

"तू सांग. तुझ्या उत्तराची किती खात्री आहे?"

ती माझ्याकडे बघत होती. सरही बघत होते. मामा कपाटापाशी पाठमोरे उभे होते आणि एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होते.

"शंभर टक्के, सर," मी म्हणालो.

मला चाळीसपैकी अडतीस मिळाले, तिला एकवीस. बाहेर आल्यावर ती नळावर पाणी पीत होती. तोंड पुसत तिने विचारलं, "तुला रिंगा दिसल्या तरी का आज?"

"दिसल्या."

"बरं," ती म्हणाली आणि हॉस्टेलकडे गेली. तिसऱ्या वर्षाला तिने जोडी बदलून मागितली. कारण विचारलं तर विभागप्रमुखांना तिने सांगितलं, मला रिडिंग घ्यायला लई वेळ लागतो, त्याचा खोळंबा होतो. माझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ते कारण मला दुसऱ्याकडून कळलं आणि बरेच दिवस जेवताना आठवत राहिलं.

नव्या सरांना पुढच्या वर्षी तास मिळाले नाहीत. यामागे काही डाव नव्हता, जागा भरली गेली इतकंच. मामांनी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत एक काम केलं. कुणालाही न विचारता त्यांनी डब्यावरची चिठ्ठी खरवडून काढली. जून महिन्यात पाथर्डीच्या त्या मुलीला गाठून विचारलं, "ते अधिक-उनं काय म्हनतात ते कसं लिवायचं?" तिने लिहून दिलं. मामांनी ते जसंच्या तसं गिरवलं : ११४ ± ३. एवढ्या वर्षांत त्या कॉलेजात लिहिला गेलेला तो पहिला खरा आकडा असावा.

चार वर्षांपूर्वी मी राहात्याजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागलो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एकदा परीक्षक म्हणून दुसरीकडे जायचं होतं, वाटेत आमचं जुनं कॉलेज लागलं म्हणून डोकावलो. मामा निवृत्त झाले होते. टेबलावर दुसऱ्या वर्षाच्या जर्नलांचा ढीग होता. मी रिंगांचा प्रयोग उघडून पाहिला. एकशेचौदा पूर्णांक एक. एकशेतेरा पूर्णांक नऊ. एकशेचौदा पूर्णांक दोन. आणि सगळ्यांच्या पुढे अधिक-उणे तीन. शेवटच्या पानावर सह्या होत्या. कुणाची तरी रिडिंगा बनवायची हातोटी चांगली होती, पण माझ्याइतकी नाही.

गेल्या वर्षी नगरच्या स्टँडवर ती भेटली. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, कंडक्टर मात्र अजून नगरच ओरडतो, त्यामुळे भेट झाली ती नगरलाच. ती आता एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, उसाच्या रसातून प्रकाश सोडून त्यात साखर किती ते मोजते. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र होतं आणि कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी, माझ्याकडे संशयाने बघणारी. इकडचं तिकडचं बोलणं झालं. तिच्या भावाने आता पाथर्डीत दुकान टाकलंय, आई-वडील तोडीला जात नाहीत.

मग मी म्हणालो, "त्या परीक्षेत मी मोजलं नव्हतं."

"मला म्हाईत हाय."

"कसं काय?"

"मी पॅसेजातून बघत हुते की. पंधरा मिन्टांत उठलास. दहा रिंगा, दोन्ही कडा, सहा-सहा वेळा. पंधरा मिन्टांत?" ती हसली. "आन तुझा डोळा लाल झाला न्हवता. मायक्रोस्कोपला डोळा लावला की माझा दोन तास लाल राहायचा."

"तू बोलली का नाहीस तेव्हा?"

"मी दिसलं ते सांगितलं हुतं. तुझं तू सांगायचं हुतं." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "लई राग आला हुता. पर एकवीस मार्कात बी पास झाले की." पाथर्डीची गाडी लागली. ती गर्दीतून चढली, खिडकीत बसली आणि मुलीचा हात धरून माझ्याकडे हलवला. मुलगी रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सगळं सांगितलं. कॉलेजचं नाव वगळलं, बाकी काही वगळलं नाही. स्वतःचे अडतीस मार्कही सांगितले. पोरं मन लावून ऐकत होती. चिमणीचा धूर खाली वाहत होता म्हटल्यावर मागच्या बाकांवरचीही पुढे सरकून बसली. गोष्ट संपल्यावर मला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून झालं.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, मग नंतर तुमचे मार्क कमी केले का?"

"नाही."

"आणि तुम्हाला ही नोकरी मार्कांवर लागली?"

"हो. मार्कांवर."

"मग सर," तिने वहीत बघत विचारलं, "परीक्षेत आम्ही काय लिहायचं?"

अख्खा वर्ग पेन उघडून बसला होता. मी म्हणालो, "जे दिसेल ते लिहा." त्यांनी ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि मागच्या बाकावरच्या कुणीतरी विचारलं की हे परीक्षेला येतं का.